एका रेघेचं तेल

“दरवर्षी वचन नव्यानं द्यायचं, म्हणजे गेल्या वर्षीचं काय विटलं?” गोड्या फादर माझ्या डोक्यावरून पुटपुटले. “पन्नास वर्षं संसार केलेला माणूस दरवर्षी बायकोला विचारतो का, की बाई, अजून माझीच ना?”

मी त्यांच्या पायांशी बसले होते. तोंडात चार टाचण्या आणि हातात त्यांच्या पांढऱ्या झग्याची खालची कड. तोंडात टाचण्या असल्या की बाईमाणसाला उत्तर द्यावं लागत नाही, हा माझ्या कामाचा एकमेव फायदा. पण राहवलं नाही. टाचण्या काढून म्हटलं, “विचारायला हवं होतं, फादर. निम्मे संसार वाचले असते.”

“तू विचारलंस का कधी?”

“मी विचारायच्या आधीच ते वर गेले.”

ते हसले. हसल्यानं पोट हललं, पोटानं झगा हलला आणि टाचणी माझ्या बोटात गेली. गोड्या फादर हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्यांना साखरेचा आजार आहे आणि खिशात कायम लिंबाच्या गोळ्या असतात, म्हणून हे नाव पडलं. त्यांना ते माहीत आहे. कुणी अडखळलं तर स्वतःच सांगतात, “गोड्याच म्हणा, कडू म्हणण्यापेक्षा बरं.”

वर्षातून एकदा, वधस्तंभाच्या शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, दोन-तीन दिवस आधी, आजूबाजूच्या सगळ्या चर्चांचे फादर आमच्या मोठ्या चर्चमध्ये जमतात. बिशप वर्षभराच्या तीन तेलांवर आशीर्वाद मागतात. त्याच मिस्सामध्ये, म्हणजे वेदीवरच्या मोठ्या प्रार्थनाविधीत, सगळे फादर बिशपसमोर उभे राहतात आणि फादर होताना दिलेली वचनं पुन्हा एकदा देतात. मी वेदीच्या मागच्या खोलीत काम करते. झगे धुणं, इस्त्री करणं, उसवलेलं शिवणं, मेणाचे डाग काढणं, आणि या दिवशी तेलाच्या डब्या. बावीस वर्षं झाली. शिकवलं कुणी नाही. बघत बघत शिकले आणि चुकत चुकत टिकले.

डबी म्हणजे पितळेची, मुठीत मावेल एवढी. तिला तीन खण असतात, एकावर एक फिरवून बसणारे. प्रत्येक खणात कापूस आणि कापसात तेल. वरच्या खणावर एक रेघ कोरलेली असते, ते आजाऱ्यांचं तेल. माणूस अंथरुणाला खिळला की कपाळाला आणि तळहातांना लावायचं. मधल्यावर दोन रेघा, ते बाप्तिस्मा घेणाऱ्यांचं. खालच्यावर तीन, ते सुगंधी तेल. मिस्साच्या सकाळी प्रत्येक फादर आपली डबी माझ्या टेबलावर आणून ठेवतो. मी उरलंसुरलं तेल काचेच्या बरणीत काढते. पवित्र तेल मोरीत ओतायचं नसतं. ते वेदीजवळच्या दिव्यात जळतं. मग डब्या सोडा घातलेल्या कढत पाण्यात धुवायच्या, पुसायच्या, नवा कापूस घालायचा आणि मिस्सा झाली की नवं तेल भरायचं.

डबी बघून मला फादरचं वर्ष कळतं. जिथं नव्या इमारती झाल्या आहेत तिथल्या डबीत दोन रेघा कोरड्या. म्हाताऱ्यांची वस्ती असेल तर एक रेघ कोरडी. एक फादर शाईच्या पेननं लिहितात आणि अंगठा न धुता तेलात घालतात. त्यांचा कापूस दरवर्षी निळा. मी कुणाला काही सांगत नाही. न्हाव्याला डोकी ठाऊक असतात आणि मला डब्या.

त्या सकाळी अडतीस डब्यांपैकी एकोणिसावी माझ्या धाकट्या भावाची होती.

दोन रेघा निम्म्या. तीन रेघांतलं थोडं खाली गेलेलं. मग मी एका रेघेचं झाकण फिरवलं आणि हात तिथंच थांबला. खण काठोकाठ भरलेला. मागच्या वर्षी मी माझ्या हातानं भरला होता तसाच. कापसाचा उंचवटासुद्धा मोडला नव्हता. त्यावर कुणाचा अंगठा टेकलाच नव्हता.

“काय झालं गं?” इस्त्रीवाल्या मावशीनं विचारलं. त्यांचं वय ऐंशीकडे झुकलंय आणि त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं, पण दिसतं मात्र सगळं.

“काही नाही. झाकण घट्ट बसलंय.”

“घट्ट बसलंय तर उघडलं कसं?”

मी तो खण तेवढा फिरवून वेगळा केला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बरणीत ओतवला नाही.

माझ्या भावाच्या चर्चमध्ये त्या वर्षात अकरा माणसं गेली होती. आकडा मला ठाऊक, कारण शवपेटीवर घालायची पांढरी चादर धुवायला माझ्याकडेच येते. अकरा वेळा आली. मग त्या अकरा जणांना तेल कुणी लावलं? तेही मला ठाऊक होतं. गोड्या फादर वर्षभरात दोनदा माझ्याकडे रिकामी डबी घेऊन आले होते. “एक रेघ भरून दे गं, सांडलं.”

“दोनदा? आणि एकाच खणातलं?”

“म्हातारा झालो. हात थरथरतात.”

हात थरथरतात म्हणे! माझ्या सुईत दोरा ओवून देतात ते, चष्म्याशिवाय. नदीच्या त्या बाजूच्या चर्चमधून या बाजूला माझ्या भावाच्या आजाऱ्यांकडे ते आपले सुजलेले गुडघे घेऊन जात होते, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर चढत होते, आणि मला येऊन सांगत होते, सांडलं. मीही म्हणत होते, जपून हो फादर. आम्ही दोघंही थापा मारण्यात तरबेज, फक्त एकमेकांच्या पकडत नव्हतो एवढंच.

आमच्या घरात एक वाक्य आहे, ‘पूल बंद होता.’ ते कसं आलं ते सांगते.

आई माझ्याकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. धाकटा फादर झाला तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. चारचौघांत ती त्याला ‘अहो फादर’ म्हणायची आणि घरात आल्यावर ‘पाय धू आधी’. पुढं ती थकली, हृदय अधूनमधून संप करायला लागलं, तेव्हा तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून ठेवलं, “मला शेवटचं तेल माझ्या धाकट्याच्याच हातचं. त्यानं तेल लावलं की मी निघाले. तोवर देव न्यायला आला तरी म्हणेन, बस जरा, पाणी घे.”

धाकटा हसायचा. “मग मी येतच नाही.”

“नको येऊस. बघू, कोण थकतं.”

तीन वर्षं आमच्या घरात हा विनोद चालला. आजारी पडली की ती डोळे मिचकावून विचारायची, “आणलंयस का तेल?” आणि तो दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचा. विनोद रोज ऐकला की तो विनोद राहत नाही, कायदा होतो. ते आम्हाला कळलं नाही.

मागच्या वर्षी ही मिस्सा झाली आणि त्यानंतर दहाच दिवसांनी सकाळी आईला धाप लागली. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना जिन्यात मला म्हणाले, “ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा.” मी अकराला धाकट्याला फोन केला. तेव्हा तो नदीपलीकडे बैठकीला गेला होता. म्हणाला, निघतोच. त्या आठवड्यात पुलाचं काम चाललं होतं. सकाळी दोन-तीन तास बंद ठेवायचे आणि दहाला उघडायचे. दादा, आमचा थोरला भाऊ, पलीकडेच राहतो. तो मुलीला घेऊन बाराला त्याच पुलावरून आला. गोड्या फादर एक वाजता आले, तेही त्याच पुलावरून. त्यांनी खिशातून डबी काढली तशी आई त्या धापेतसुद्धा म्हणाली, “तुम्ही कशाला? तुम्हाला कुणी सांगितलं? धाकटा येतोय माझा.” त्यांनी डबी पुन्हा खिशात घातली आणि स्टुलावर बसून राहिले. जबरदस्तीनं कुणाला तेल लावता येत नाही.

मी आईच्या पायांना शेकायला पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेले. तिथली खिडकी रस्त्यावर उघडते. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर धाकटा बसला होता. शेजारी स्कूटर, मांडीवर काळी पिशवी आणि हातात डबी. एका रेघेचं झाकण फिरवून उघडत होता आणि पुन्हा लावत होता.

मला वाटलं, दम खातोय. येईल. पाणी तापलं, मी आत गेले, आईचे पाय शेकले. तिनं विचारलं, “आला का गं?”

“वाटेवर आहे,” मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं. तो वाटेवरच होता, फक्त चालत नव्हता.

मी चार वेळा पाणी तापवलं. चारही वेळा तो तिथंच होता. खिडकी उघडी होती. माझा आवाज काही नाजूक नाही; त्या खिडकीतून मी रस्त्याच्या टोकाच्या भाजीवाल्याला थांबवते. मी हाक मारली नाही.

आई सव्वातीनला गेली. दाराकडे बघत, डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तशी. तेल न लावताही माणूस जातं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दादाच्या मुलीच्या रडण्याचा आवाज खाली गेला असेल. पाच मिनिटांत धाकटा वर आला. दारात उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दादा बोलला. “पूल बंद होता ना रे?” दादाची स्वतःची गाडी खाली उभी होती, धाकट्याच्या स्कूटरला चिकटून. धाकट्यानं दादाकडे बघितलं, मग आईकडे, आणि म्हणाला, “हो.”

झालं. त्या दिवसापासून पूल बंद. मातीच्या वेळी बंद, महिन्याच्या मिस्साला बंद, लांबच्या आत्या-मामांना फोनवर सांगतानाही बंद. भांडं घासून घासून झिजतं म्हणतात. आमचं वाक्य मात्र घासून घासून चकाकत गेलं. धाकटा समोर असला की कुणीतरी ते काढायचंच, त्याला बरं वाटावं म्हणून. तो मान खाली घालायचा. आम्हाला वाटायचं, त्याला बरं वाटलं.

तर त्या सकाळी मी बाकीच्या डब्या धुऊन कपड्यावर पालथ्या घातल्या, तेवढ्यात तोच आला.

“ताई, बटण.”

गळ्याचं बटण दोऱ्याला लोंबत होतं. इतर फादर असताना मी त्याला फादर म्हणते. तेव्हा फक्त मावशी होत्या, आणि त्या तोंडानं इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी उडवत होत्या. मी त्याला खिडकीकडे ओढलं. “काय रे हा गळा? दोन बोटं जातील आत. खातोस का नाही?”

“खातो.”

“काय खातोस, हवा?”

तो हसला नाही. मी अंगावरच बटण शिवायला घेतलं. डाव्या हाताला आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं. पाकीट.

“कुणाला पत्र?”

“बिशपना. मिस्सा झाली की देणार आहे.”

“कसलं?”

त्यानं माझ्या खांद्यावरून कट्ट्यावरच्या खणाकडे बघितलं. त्यानं तो ओळखला, हे माझ्या सुई धरलेल्या हातालाही कळलं. म्हणाला, “माझी डबी भरू नकोस, ताई.”

मी दोरा दातांनी तोडला. चोवीस वर्षं झाली होती त्याला फादर होऊन. आईनं पहिल्या मिस्साला शिवलेला झगा अजून माझ्या कपाटात आहे. “मग करणार काय?”

“शिकवीन कुठंतरी. गणित.”

“तुला तेराचा पाढा येत नाही.”

“बाराचा शिकवीन.” आता तो जरासा हसला, आणि ते न हसण्यापेक्षा वाईट होतं. “ज्याला आजाऱ्याच्या दारात पाय टाकता येत नाही, त्यानं फादर म्हणून काय फक्त लग्नाची जेवणं जेवायची? मी जातो गं, जिन्यापर्यंत जातो. पहिल्या पायरीशी पाय शिशाचे होतात. मग गोड्या फादरना फोन करतो. ते एकदाही ‘का’ म्हणून विचारत नाहीत.”

“आणि आजचं वचन?”

“तोंडातून निघालं तर निघालं.”

बाहेर घंटा झाली. तो गेला.

मिस्साच्या वेळी मी आणि मावशी बाजूच्या दारात उभ्या राहतो. तिथून आम्हाला वेदी तिरपी दिसते आणि आम्ही कुणाला दिसत नाही. फादरांची पांढरी रांग आत आली. लोक चेहरे बघत असतील, मला कडा दिसतात. गोड्या फादरांची कड सरळ आली होती. ते बाकापाशी माझ्या भावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांची जागा तिथं नव्हती, दोन रांगा पुढं होती.

बिशपांचं प्रवचन लांबलं नाही. मग ते उठले, हातात काठी घेतली आणि विचारलं, ज्या दिवशी तुमच्या हातांना तेल लागलं त्या दिवशी दिलेली वचनं आज पुन्हा द्यायला तयार आहात का?

“आहे.” चाळीसेक पुरुषांचा एकदम आवाज. जुनं जड दार सरकवावं तसा.

माझ्या भावाचे ओठ मिटलेले होते.

दुसरा प्रश्न. “आहे.” ओठ मिटलेले. मी दाराची चौकट धरली. बोल रे, मनात म्हटलं, नुसते ओठ हलव, कोण मोजायला बसलंय. तिसरा प्रश्न. यावेळी गोड्या फादर एवढ्या मोठ्यानं “आहे” म्हणाले की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. शाळेत शेजारच्या पोराची हजेरी लावतात ना, तसं. सकाळी ज्या वचनावर कुरकुर करत होते, ते दोघांच्या वाटचं एकट्यानं देऊन मोकळे झाले.

“तुझा भाऊ बोलला का गं?” मावशीनं त्यांच्या मते कुजबुजत विचारलं.

“बोलला.”

“मला नाही ऐकू आलं.”

“तुम्हाला कधी ऐकू येतं?”

“मला दिसतं,” मावशी म्हणाल्या.

मग तेलाचे तीन मोठे बुधले आले. आजाऱ्यांच्या तेलाचा बुधला दरवर्षी एक परिचारिका आणते. ती तो तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून चालत होती. बिशपांनी त्यावर प्रार्थना म्हटली, मग दुसऱ्यावर. तिसऱ्यात त्यांनी सुगंधी डिंकाचा अर्क मिसळला, बराच वेळ ढवळला, आणि बुधल्याच्या तोंडावर वाकून एक लांब फुंकर घातली. एवढं मोठं चर्च, एवढी माणसं, आणि त्या फुंकरीचा आवाज आमच्या दारापर्यंत आला. मागोमाग वास आला.

लहानपणी आई आम्हा तिघांना ओळीनं बसवून डोक्याला तेल चोळायची. धाकटा पळून जायचा. पलंगाखाली शिरायचा. ती त्याला ओढून काढायची नाही. पलंगाशी जमिनीवर मांडी घालून बसायची, तळहातावर तेल घेऊन, आणि म्हणायची, “मी इथंच आहे. तुझं झालं की ये.” तेल बोटांतून गळायचं, लुगडं खराब व्हायचं, ती बसून राहायची. शेवटी तो यायचाच.

मिस्सा संपल्यावर माझ्या खोलीत दरवर्षी बाजार भरतो. बिनसुईच्या मोठ्या पिचकारीनं मी तेल भरते, मावशी झाकणं लावतात, फादर लोक गर्दी करतात. “माझी आधी दे, माझी गाडी निघेल.” “ताई, एक रेघ जरा दाबून भर, पावसाळ्यात पुरत नाही.” “दाबून भरायला ती काय उशी आहे?” सदतीस डब्या भरून झाल्या. एक राहिली, दोन खणांची, वरचं डोकं नसलेली.

गोड्या फादर शेवटी आले. त्यांनी आपली डबी घेतली आणि त्या डबीकडे बोट केलं. “ती राहिली.”

“नको म्हणालाय.”

ते स्टुलावर बसले. गुडघा चोळला. खिशातून गोळी काढली, तोंडात घालायच्याऐवजी टेबलावर ठेवली. “मला जिने चढायचं दुःख नाही, ताई. चढीन. पण त्याच्या चर्चमधली माणसं शेवटच्या घडीला मला विचारतात, आमचे फादर बरे आहेत ना? का नाही आले? मग काहीतरी सांगावं लागतं.”

“काय सांगता?”

त्यांनी मान वर केली नाही. “पूल बंद आहे.”

“तुम्हीसुद्धा!”

“त्यांची घरं आणि तुझ्या भावाचं चर्च एकाच बाजूला, मध्ये नदी नाही, तरी सांगतो. आणि लोक हो म्हणतात.” ते कष्टानं उठले. “तुमच्या घरातल्यांनी जे बंद केलंय ते मी परक्यानं कसं उघडायचं? मावशी, चला, मला जरा हात द्या. दाराबाहेरचा ओटा मला उतरवत नाही.”

“मला?” मावशी म्हणाल्या. “मीच उद्या जाईन की परवा अशी!” पण उठल्या. जाताना त्यांनी इस्त्री बंद केली आणि दार ओढून घेतलं.

धाकटा आला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. शेजारच्या खोलीत बिशप झगा उतरवत होते. भिंतीतून लोकांचा गलका येत होता. त्याच्या हातात पाकीट होतं. त्यानं टेबलाकडे बघितलं, मग कट्ट्याकडे.

“हे ओतलं नाहीस?”

“तुझं आहे. तूच ओत.”

मी काचेची बरणी पुढं सरकवली. त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं, खण उचलला, बरणीवर धरला आणि थोडा कलता केला. तेल कडेपर्यंत आलं आणि थांबलं. त्याचा हातच थांबला होता.

“हे तिचं होतं,” तो म्हणाला.

वर्षभरात तो आईबद्दल पहिल्यांदा बोलला. आणि आता आमच्या घरची रीत अशी, की इथं कुणीतरी म्हणायचं, अरे, पूल बंद होता, तू काय करणार? माझ्या जिभेवर ते आलंही होतं. सवयच तशी. तोही मान खाली घालून त्याचीच वाट बघत होता, जसं कुणी ठरलेल्या जागी ठरलेली चापट खायला गाल पुढं करतं. मी बरणीची कड घट्ट धरली आणि ते वाक्य गिळलं.

भिंतीपलीकडं कुणीतरी हसलं. खुर्ची सरकली.

“पूल उघडा होता, ताई.”

“हो.”

“मी साडेअकरालाच आलो होतो. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. डबी हातात होती.” तेलाचा एक थेंब सुटला आणि बरणीत पडला. “ती म्हणायची ना, धाकट्यानं तेल लावलं की मी निघाले. मी बसल्या बसल्या हिशेब केला, वर गेलो नाही तर ती जाणार नाही. एवढा चोवीस वर्षांचा फादर मी. लोकांना मरणाबद्दल प्रवचनं दिली. आणि पायरीवर बसून मी खरंच असं मानलं. मग वरून रडणं ऐकू आलं.” त्यानं खण उपडा केला. तेल एकदम गेलं आणि त्यामागून कापूस, अंगठा न लागलेला, पांढरा. “ती दाराकडे बघत होती का?”

“हो.”

“शेवटपर्यंत?”

“हो.”

त्यानं रिकामा खण माझ्यापुढं ठेवला. तेल बोटांना लागलं होतं, ते पुसायला काही मागितलं नाही. मी तो खण कढत पाण्यातून काढला, फडक्यानं पुसला आणि त्यात नवा कापूस बसवला. नको म्हणेल म्हणून थांबले. तो म्हणाला नाही. पिचकारी हातात घेतली, तेल ओढून घेतलं, पण भरलं नाही. मी ती पुन्हा खाली ठेवली.

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तुला बघत होते,” मी म्हटलं. “चार वेळा बघितलं. खिडकी उघडी होती. हाक मारली असती तर तू आला असतास. मी मारली नाही रे. तू वर आलास की ती जाईल, असं मलाही वाटत होतं.”